टँकरवाल्याची शिवी

गल्लीत टँकर शिरला, हे आम्हाला टँकरवाल्याच्या शिवीवरून कळायचं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या वाढल्या होत्या, पण दुष्काळानं नळ कोरडे पडले होते. टँकरवाला तसा माणूस मायाळू. म्हाताऱ्यांच्या घागरी स्वतः उचलून दारापर्यंत नेऊन द्यायचा. पण टायर बसलं की टायरची माय, कॉक अडकला की कॉकची बहीण. राग कुणावरही असो, उद्धार बाईचाच. पाण्यापायी मीही मुकाट ऐकून घेत होते.

एका सकाळी त्याच्या हातातून पाइप निसटला आणि त्यानं तसलीच सणसणीत शिवी हासडली. रांगेत पहिला नंबर शेजारच्या आजींचा होता. त्यांनी आपली घागर पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. मागच्या बायांनीही घागरी पालथ्या घातल्या. मीसुद्धा.

तो गडबडला. “मावशी, पाणी घ्या की! मी तुम्हाला थोडंच बोलायलो? पाइपाला बोललो.”

“पाइपाला माय असती का रे?” आजी म्हणाल्या. “मग तू काढलीस ती कुणाची?”

त्यानं कॉक बंद केला. खाली बघत कानाला हात लावला. “चुकलं, मावशी.” मग आजींची घागर स्वतःच सुलटी करून भरली.

पाइप पुढंही निसटायचा. तो तोंड उघडायचा, रांगेकडं बघायचा आणि म्हणायचा, “तुझ्या बापाला...” पुढं काय म्हणायचं, हे त्याला कधीच सुचलं नाही. तो आठवत उभा राही, तोवर पाइप उचलून आमची एक घागर भरून व्हायची.