घळ आमच्या हद्दीत आली तो दिवस

आमच्या डोंगराभोवतीच्या सात वाड्यांनी मिळून जंगलावर सामूहिक हक्काचा दावा केला, त्याचा नकाशा मी काढला होता. चार वाड्या ठाकरांच्या, तीन कातकऱ्यांच्या. काही पेणकडच्या, काही रोह्याकडच्या. मी ठाकर, अंगणवाडीची बाई, त्यामुळे कागदपत्रं माझ्याकडे. पण रामवाडीत झालेल्या सातही वाड्यांच्या बैठकीत बोलायला सगळ्यांनी पुढे केलं ते एका कातकरीवाडीतल्या बाईला. ती शाळेत गेलेली नव्हती. ती बोलायला लागली की माणसं चहा प्यायची थांबायची. मी बोलायला लागले की चहा मागवायची.

पडताळणीला वनखात्याचे साहेब आले. हद्द चालता चालता ती कातकरी बाई एका घळीशी थांबली.

"गो बाई, ही घळ तुझ्या कागदावर कुठं हाय?"

नव्हती. आम्ही ठाकर त्या घळीत उतरत नाही, वरच्या पायवाटेने जातो. माझी रेघही तशीच वरून गेली होती. कातकऱ्यांना विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

"इथे तुमचा वापर आहे याला पुरावा काय?" साहेब म्हणाले. "नसेल तर घळ दाव्याबाहेर."

खोटं कशाला सांगू? तिला उत्तर सुचू नये असं मला वाटलं. घळ गेली तरी चालेल, असंही वाटलं.

ती खाली उतरली आणि एका वेलाच्या बुडाशी बसून माती उकरू लागली. कातकरी कंद काढतात तेव्हा त्याचं डोकं कापून परत त्याच खड्ड्यात पुरतात. वेल पुन्हा धरतो. तिने असे खड्डे एकामागून एक दाखवले. "ह्यो माझ्या सासूचा. ह्यो माझा."

"डुकरांनी उकरले असतील," साहेब म्हणाले.

"डुक्कर परत पुरतं व्हय, सायेब?"

साहेबांसकट सगळे हसले. घळ आत आली.

मी दगडावर कागद ठेवून रेघ बदलली, मग तिचा जबाब लिहिला. तिच्या नावापुढे 'निरक्षर' लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. लिहिताना बरं वाटलं.

"काय लिवलंस ते वाच," ती म्हणाली.

मी वाचू लागले आणि नावापाशीच थांबले.

"अडलीस का गो? तुला तर वाचता येतं ना?"

मी तो शब्द खोडला, वर 'जाणकार' लिहिलं आणि पुढे वाचलं. तिने अंगठा दिला. खाडाखोडीशेजारी लिहिणाऱ्याची सही लागते, ती मी केली. त्या जबाबावर माझं तेवढंच आहे.