कॅलेंडरवरचा पैलवान

चौऱ्याहत्तर साली कोल्हापुरातल्या निम्म्या दुकानांत गुंडू पैलवान भिंतीला लटकत होता. कॅलेंडरवर. खांद्यावर गदा, हातात टॉनिकची बाटली आणि खाली ठळक अक्षरं, ‘गुंडू पैलवानाच्या ताकदीचं रहस्य!’ खरं सांगायचं तर फोटोपुरता एक चमचा त्याने तोंडात घेतला होता आणि फोटोवाल्याची पाठ वळताच थुंकून टाकला होता. फोटोच तर द्यायचाय, त्यात काय बिघडतं, असं त्याला तेव्हा वाटलं.

बिघडलं ते गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर. तिथे म्हशी आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देतात. बाळाबाईच्या म्हशीचं फेसाळ दूध गुंडू मिसरूड फुटल्यापासून पीत आला होता. त्या दिवशी तिची लेक शालू शेजारी बसली होती. गळ्याची हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले.

“पोरीला काय झालंय, अक्का?”

“अंगच धरत न्हाय बगा. म्हणून तिच्या वाटचं दूधबी कट्ट्यावर घालतो आन् त्या पैशात तुमचं टॉनिक आणतो.”

गुंडूने घाईने सांगितलं, “अक्का, मी ते पीत न्हाय. ही छाती तुमच्या म्हशीच्या दुधानं झाली. तुम्हीच की रोज ग्लास भरून देता.”

बाळाबाई हसली. “दूध तर तालमीतली सगळीच पोरं पित्यात. मग गदा तुम्हालाच कशी गावली?”

“गदा मिळाली तवा ही बाटली मी बघितलीबी नव्हती.”

“मग कंपनीवालं एवढं छापून खोटं बोलतील व्हय?”

समोरच्याला चीत करायचे कितीतरी डाव गुंडूला ठाऊक होते. या बाईपुढे एक चालेना. तो रोज तेच सांगायचा, ती मान हलवायची. पैलवान आपलं गुपित लपवतोय, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. शालू आता उठताना आईचा पदर धरायची.

शेवटी त्याने आवाज खाली आणला. “अक्का, आतली गोष्ट सांगतो. टॉनिक नुसतं घेतलं की वाया जातंय. वर ग्लासभर धारोष्ण दूध लागतंय, दोन्ही वेळा.”

“तरीच,” बाळाबाई म्हणाली आणि गुंडूसाठी भरलेला ग्लास तिने शालूच्या तोंडाला लावला.

दिवाळीपर्यंत पोरगी कट्ट्यावर बागडू लागली. तिला बघून गुंडूला भरून यायचं. मग एके दिवशी बाळाबाई तिला घेऊन त्याच्यापुढे आली. सोबत दुसरी एक बाई होती, कडेवर काडीसारखं पोर.

“हिला माझं खरं वाटत न्हाय. तुमच्या तोंडानं सांगा, पैलवान. शालू टॉनिकनंच सुधारली न्हवं?”

गुंडूने शालूकडे पाहिलं. आता खरं बोलावं तर तिचं दूध पुन्हा कट्ट्यावर जाणार. “व्हय,” तो म्हणाला, “पण दुधासंगं.”

“आमाला दूध कुठलं गावायचं?” ती बाई म्हणाली. “नुसतं टॉनिक द्यायचं म्हणा की मग.”

गुंडू तिला थांबवायला पुढे झाला. तोवर ती दुकानाच्या वाटेला लागलीसुद्धा.