पेशकारांचं फडकं

पेशकार कुणाच्याही घरी गेले आणि पुढं पाण्याचा तांब्या आला, की आधी कोटाच्या खिशातून चौपदरी फडकं काढायचे. ते पेल्याच्या तोंडावर ताणून धरायचे, वरून पाणी ओतायचे आणि मग प्यायचे. सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा. यजमान तोंडाकडं बघत राही. पेशकार शांतपणे म्हणत, "तुमच्यावर शक नाही, पाण्यावर आहे. आधी गाळावं, मग भरवसा ठेवावा."

आमची आणि त्यांची भिंत एक. निजामाच्या राज्यात ते तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे कारकून होते. राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली, हुद्दा गेला, नाव तेवढं राहिलं. डावा पाय गुडघ्यात वाकडा. तरुणपणी त्यांना नारू झाला होता. आता नारू कुणी बघितलेला नाही म्हणून सांगते. सुताएवढा बारीक आणि हातभर लांब जंत. पायाला फोड यायचा, तो फुटून जंत डोकं काढायचा. मग तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. पेशकारांचा मधेच तुटला. पाय सुजला, सडला आणि वाकडा झाला तो झाला. गाळून पिण्याचं हैदराबादच्या एका डॉक्टरनं त्यांना तेव्हा सांगितलं होतं.

आमचं गाव कळंबच्या रस्त्यावरचं, बाजाराचं. पिण्याला एकच बारव, दगडी पायऱ्यांची. बाया पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागरी बुडवायच्या. ज्याच्या पायाला नारू, तोही आग शमवायला तिथंच पाय सोडून बसायचा. दर उन्हाळ्यात घरटी कुणीतरी खाटेवर असायचं. शेत पेरायच्या दिवसांत माणूस काडी धरून बसलेला.

आपल्या मुलखात विद्यापीठ निघालं तेव्हा गावात साखर वाटली. त्याआधी शिकायचं तर हैदराबाद. साखर खाऊन लोक विसरले. पेशकार विसरले नाहीत. ते एस.टी.नं तिकडं गेले आणि एका प्रोफेसरांना घेऊनच आले. आल्यावर मला म्हणाले, "मी त्यांना साफ सांगितलं, विद्यापीठ आमचं म्हणता ना, मग आमच्या पायांकडं बघा."

प्रोफेसर भले माणूस. प्राण्यांच्या शास्त्रातले डॉक्टर होते. गावाला डॉक्टर एवढंच कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढं कान फुटलेली पोरं आणि खोकणारे म्हातारे रांगेनं बसले. "बाई, मी तो डॉक्टर नाही," असं ते सांगत होते, आणि बाया म्हणत होत्या, "असू द्या, जे आसंल ते औषध द्या."

मग मारुतीच्या पारावर सभा झाली. प्रोफेसरांनी समजावलं, की नारूचा पाय पाण्यात बुडला की जंत तिथं पिल्लं सोडतो. ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात. ते पाणी आपण प्यालो, की वर्षानं आपल्या पायातून नारू निघतो. मुळावरचा उपाय एकच, पाण्यात कुणी उतरायचं नाही. पायऱ्यांपुढं भिंत घालायची आणि वरून रहाटानं पाणी ओढायचं. नकाशा, सिमेंट आणि श्रमदानाला पोरं विद्यापीठाची. दगड आणि जेवण गावाचं. वर्षानं येऊन बघू, गाव नीट राहिलं तर आसपासच्या गावांच्या विहिरींचंही करू.

पुरुषांनी माना डोलावल्या. बाया उठल्या. "बाळंतिणीनं काय करायचं?" आमच्याकडं सव्वा महिन्यानं बाळंतीण बारवेत उतरते. घोटाभर पाण्यात उभी राहून जलदेवतेची ओटी भरते आणि पहिली घागर घरी आणते. त्याशिवाय पोर जगत नाही, अशी समजूत.

प्रोफेसर म्हणाले, "काठावरून ओटी भरा."

"काठावरून पोर झालंय व्हय?" एक म्हातारी म्हणाली. सभा हसली, पण मोडायला आली.

पेशकार उठले. "भिंतीत एक दार ठेवा. कुलूप मी लावतो, किल्ली माझ्यापाशी. ज्या बाळंतिणीच्या पायाला फोड नाही तिलाच आत सोडू."

"दार ठेवायचं तर भिंत कशाला?" प्रोफेसर म्हणाले.

"साहेब, भिंत तुमची, दार गावाचं. दोघांनी मिळून करायचं म्हणजे असंच असतं."

तसं झालं. विद्यापीठाची पोरं महिनाभर राबली. आम्ही आळीपाळीनं भाकऱ्या थापल्या. त्यांना आमचं तिखट सोसेना, डोळे पुसत जेवायची. रहाट बसला त्या दिवशी पेशकारांनी पहिली बादली ओढली. ते पाणीसुद्धा गाळूनच प्याले.

बाळंतिणींचे पाय बघायचं काम पेशकारांच्या बायकोकडं. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. लोक चेष्टा करायचे, "पेशकारीणबाईचा नवा तपासणीनाका!" पण काकूंनी दोघींना फोड बघून परत पाठवलं आणि त्या मुकाट गेल्या. गाव ऐकतं आहे, असं वाटायला लागलं होतं.

मग त्यांची सुमन बाळंतपणाला आली. बेंबळीला दिलेली एकुलती एक लेक. तिचं पहिलं मूल दगावलं होतं. तेव्हा ओटी भरायची राहिली होती, आणि सासूनं ते बोलून बोलून तिचं जिणं नकोसं केलं होतं. या खेपेला सासू स्वतः येऊन बसली. सव्वा महिना झाला. काकूंनी सुमनचे पाय बघितले. घोट्याखाली फोड होता. काकूंनी त्यावर हळद चोपडली, वर पैंजण चढवलं आणि नवऱ्याला सांगितलं, "पाय स्वच्छ आहेत."

पेशकारांनी कुलूप काढलं. सुमन पाण्यात उतरली. मीही ओवाळायला होते, मलाही ती हळद सणाचीच वाटली. चार दिवसांनी सुमनच्या घोट्यातून पांढरा दोरा निघाला.

त्या दुपारी पेशकार आमच्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "यशोदे, सगळ्या जगाचं पाणी गाळलं. घरातला शब्द तेवढा गाळला नाही."

काकूंवर ते ओरडले नाहीत. काकू मला म्हणाल्या, "तू असतीस तर काय केलं असतंस?" आजही मला सांगता येत नाही.

पेशकार पंचायतीकडं गेले. "बारव बंद करा, उपसा." ऐन उन्हाळा. सरपंच म्हणाले, "काका, उपसून गावानं प्यायचं काय?" ते खरंच होतं. पेशकार विद्यापीठाकडं गेले. ते प्रोफेसर दुसरीकडं गेले होते. त्यांच्या जागेवरच्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "वर्ष झालं की येऊच."

त्या वर्षभर त्या माणसाकडं बघवत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात काय होणार ते त्यांना आजच माहीत होतं. आपली धोतरं फाडून त्यांनी घरोघर फडकी वाटली. "आधी गाळा," हात जोडून सांगायचे. लोक 'व्हय व्हय' म्हणायचे आणि त्यात भाकरी बांधून शेताला न्यायचे.

उन्हाळा आला आणि पाय सुजायला लागले. पहिल्यापेक्षा कमी नव्हते. विद्यापीठाची माणसं बघायला आली. "गावानं अट पाळली नाही," असं त्यांचं म्हणणं. गाव म्हणालं, "तुमची भिंत आली अन् देवी कोपली." पुन्हा पारावर सभा झाली. पेशकार काठी टेकून उभे राहिले.

"भांडू नका. कसूर भिंतीची नाही, देवीचीही नाही. माझ्या घरातून गेलं. माझ्या लेकीच्या पायातून."

कुणीतरी ओरडलं, "पेशकार, बापानं लेकीच्या गळ्याला असं नख लावू नये!" दुसरा म्हणाला, "बाळंतिणीच्या पायानं कधी पाणी नासतं का? वय झालं, खाली बसा." त्यांना खाली बसवलं. कसूर कबूल करणाऱ्या माणसाला ती कबूलही करू दिली नाही, असं मी एवढ्या आयुष्यात दुसऱ्यांदा बघितलं नाही. विद्यापीठाची गाडी निघून गेली. आठवड्यात गावानं भिंत पाडली. ते दगड कुणाकुणाच्या गोठ्याला लागले. बोललेलं बेंबळीला पोचलं आणि सुमनचं माहेर तुटलं. काकू बोलायच्या, पण कामापुरतं.

पेशकार पुढं फार जगले नाहीत. शेवटच्या दिवशी काकूंनी गंगेची कुपी फोडली, तुळशीचं पान घातलं आणि चमचा ओठांशी नेला. पेशकारांनी दात आवळून धरले. काकूंनी पुन्हा नेला. तोंड उघडेना. "बघ गं, जाताना माझ्या हातचं गंगाजलही नको," काकू रडायला लागल्या.

मी खुंटीवरच्या कोटातून फडकं काढलं. पेशकारांचा भाचा म्हणाला, "गंगेला फडकं लावता?" मी त्याला गप्प बस म्हटलं. वाटीवर फडकं ताणलं, गंगा गाळली आणि चमचा काकूंच्याच हातात दिला.

पेशकारांनी तोंड उघडलं. थोडं पाणी गालावरून ओघळलं. घोट आत गेला की नाही, ते मला दिसलं नाही.