सत्तरावर चालणारा प्रोसेसर

एप्रिलमध्ये सापगावातली कुत्रीसुद्धा भुंकायचं काम संध्याकाळवर टाकतात. त्या दिवसांत मी जुना डेस्कटॉप अखंड चालवणार असं घरात जाहीर केलं. बायकोनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघांपैकी आधी कोण बंद पडेल याचा ती अंदाज घेत असावी.

कामाला कारण होतं. सिद्धगडाच्या पायथ्याशी एका वाडीत मी शिक्षक होतो. तिथल्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई धवलारणीची लेक. त्या वाडीत लग्नाला भटजी लागत नाही. धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते आणि लग्न लागतं. या बाईची आई आता नाही. आईचे धवले तेवढे माझ्याकडे होते, मांडवात बसून फोनवर रेकॉर्ड केलेले, पण त्यांच्यावर जनरेटरची घरघर आणि पोरांचं रडणं चढलेलं. आता तिच्याच मुलीचं लग्न मेमध्ये ठरलं होतं.

"गुरुजी, अर्धे धवले मला येतात, अर्धे नाय," ती म्हणाली. "आयचा गळा तेवढा मोकळा करून द्या. नायतर पोरीचं लगीन डीजेवर लागंल."

गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढणारा प्रोग्राम मिळाला. तो प्रोसेसरला क्षणाची उसंत देत नाही. एकेका रेकॉर्डिंगला दिवसाहून जास्त वेळ लागतो आणि मध्ये मशीन बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून. माझं मशीन रोज दुपारी प्रोसेसर तापून बंद पडत होतं. वीज गेली तर इन्व्हर्टर होता. उन्हावर इन्व्हर्टर नसतो.

खर्डीहून रोज मुंबईला जाणारा माझा पुतण्या रविवारी आला. त्याच्याकडे प्रत्येक अडचणीवर एक फास्ट उपाय असतो.

"काका, ऑनलाइन टाका. चहा होईपर्यंत काम खतम."

"टाकणार नाही."

"मग एसी लावा. नाहीतर नवीन पीसी घ्या. माझ्यासारखा, काचेचा, आत लाइटिंगवाला."

त्याचा पीसी मी पाहिला आहे. मांडवाला करतात तशी रोषणाई आहे आत. त्यावर तो क्रिकेट बघतो.

ऑनलाइन न टाकण्याची अट बाईची होती. पूर्वी संस्कृती जतन करणारी मंडळी गाडी करून वाडीत आली होती. त्यांनी तिच्या आईला शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो काढले आणि धवला जरा रंगात आला तोच माइक प्रमुख पाहुण्यांकडे नेला. पाहुणे धवल्यांचं महत्त्व सांगत बसले. पुढे तोच अर्धा धवला कुणीतरी ढोलताशाच्या गाण्यात घातलेला तिनं मुरबाडच्या बाजारात ऐकला. तेव्हापासून ती म्हणते, "आयचा गळा घराबाहेर नको." मला ते पटलं होतं. वाद तिथेच मिटला.

उरला प्रोसेसर. आमच्याकडे नव्या वस्तूला जपायची एक रीत आहे: तिला श्वास घेऊ द्यायचा नाही. सुतारानं संगणकाचं टेबल करताना सीपीयूच्या डब्यासाठी खास कप्पा केला होता आणि धूळ जाऊ नये म्हणून त्याला दार लावलं होतं, देव्हाऱ्याला असतं तसं. त्यावर बायकोनं विणलेलं झाकण. शेजारी भाताची गिरणी. इतका बंदोबस्त करूनही कोंडा आत गेला होताच. डबा उघडला तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली कोंड्याची गादी बसलेली, आणि उष्णता वाहून न्यायची पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी तडकलेली.

दार बिजागऱ्यांसकट काढलं. झाकण बायकोकडे सन्मानानं परत केलं.

"विणायला मला महिना लागला होता," ती म्हणाली.

"म्हणून तर ते त्याला पेलवलं नाही."

कोंडा दातांच्या जुन्या ब्रशनं काढला, नवी पेस्ट लावली. डबा माजघरात विटांवर ठेवला, भिंतीपासून हातभर लांब. घरातली ती सगळ्यात गार जागा. तांदूळही तिथेच ठेवतो. तरी दुपारी पारा चढायचाच. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरच्या वेगाची मर्यादा शंभर टक्क्यांवरून सत्तरावर आणली. तापमान उतरलं आणि उतरलेलंच राहिलं.

पुतण्याला हे फार लागलं. "फुल स्पीडचा प्रोसेसर आणि तुमी त्याला पेन्शनरासारखा चालवताय!"

"मी पेन्शनरच आहे. अजून बंद पडलेलो नाही."

सिद्धगड चढताना खालच्या वाडीपासून धावत सुटलेले लोक मी पाहिले आहेत. पहिल्या खडकावर ते बसलेले असतात, आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाई त्यांना ओलांडून शांतपणे पुढे जाते. वेगाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा तो खडक बघून यावा.

मशीन चालत राहिलं. एकामागून एक रेकॉर्डिंग पूर्ण होत गेलं. बाई ऐकायला आली तेव्हा जमिनीवर बसली, हेडफोन कानाला हातानं दाबून धरला. एक ओळ तीनदा मागे नेऊन ऐकली. मग म्हणाली, "इथं आय दम घेते. जनरेटरमधी मला ते कळतच नव्हतं. म्हणून माझा धवला इथं यायचा आन् तुटायचा."

ती रोज एसटीनं येऊन शिकू लागली. बायको तिला चहा द्यायची आणि स्वतःही दारात उभी राहायची.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. डीजे आलाच होता. नवऱ्याकडच्यांनी आणला होता. ती मांडवात बसून गायला लागली तेव्हा डीजेवाला घड्याळ दाखवत पुढे आला.

"मावशी, टाइम झाला. जरा शॉर्टमध्ये घ्या ना."

ती धवल्याच्या मध्ये थांबली नाही. कडवं पुरं केलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "शॉर्टमधी लागलेलं लगीन शॉर्टमधीच मोडतं रे. बस खाली."

तो बसला. तिनं सगळे धवले म्हटले, एकही न गाळता. जेवण गार झालं. कुणी कुरकुरलं नाही असं नाही; मी स्वतःच कुरकुरलो, पण शेवटचा धवला संपल्यावर.