गादीखालचा चारा

जुनी ट्रंक उघडताच टीपकागदाचा कुबट, गवतासारखा वास आला आणि मला नागपुरातलं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष आठवलं. वनस्पतिशास्त्राला पंचवीस रानटी झाडं दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून द्यावी लागत. प्रत्येकाखाली लॅटिन नाव आणि गोळा करणाऱ्याचं नाव. माझी सगळी झाडं वर्तमानपत्रांत घालून वसतिगृहात गादीखाली वाळत होती, आणि द्यायला जेमतेम पंधरा दिवस उरले होते. पारशिवनीहून वडील बैलगाडीनं इतवारीच्या बाजारात धान्य घेऊन आले, तसे मला भेटायलाही आले. मी वर्गातून परतलो तर गादी उलटलेली, आणि फाटकाशी आमचे दोन्ही बैल निवांत रवंथ करत होते. "काहून गा, गादीखाली चारा काहून भरून राहिला? बैलाइले टाकला," वडील म्हणाले. मला रडूच फुटलं. तेव्हा त्यांनी खिडकीत जपून ठेवलेला एक कागद दाखवला. "हा धोतरा तेवढा काढून ठेवला. बैलाले बाधते." सगळा प्रकार कळल्यावर मात्र एवढंच म्हणाले, "चाल, बस गाडीत." गावी शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं आम्ही हिंडलो, ते झाडाचं नाव, गुण सांगत आणि मी पुस्तकात लॅटिन शोधी. आज ट्रंकेत तो धोतरा सापडला. त्याच्याखाली माझं नाव आहे. बाकीच्या चोवीसांखाली मी वडिलांचं घातलं होतं, आणि तपासताना ते नाव वाचून सरांनी कौतुकानं विचारलं होतं, "हा मुलगा कोणत्या वर्षाला आहे?"