रुखवतातली बाटली

मी दारू बनवते. हे एकदा सांगून टाकलं की पुढचं सोपं जातं. आमच्याकडे मात्र हे वाक्य ऐकताच लोक इकडेतिकडे बघतात, आणखी कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

जांभळाची गोड, गडद लाल वाइन. पावसाच्या तोंडावर जंगलातून जांभळं येतात. ती कुस्करून रस आंबवायचा, आणि त्यातली साखर पुरती संपायच्या आत मोहाचा कडक अर्क ओतायचा. आंबणं तिथंच थांबतं, गोडवा शिल्लक राहतो आणि वाइनला जोरही येतो. जेवणानंतर छोटा पेला पुरे. परवाना भिंतीवर लावलेला आहे, ज्याला वाचायचा त्यानं वाचावा. माझे वडील दारूपायीच गेले. तेव्हा दारू काय करते हे मला कोणी शिकवायला येऊ नये.

मुलीचं लग्न आलापल्लीच्या घरात ठरलं आणि शिकवणारे आलेच. वैनगंगेच्या अलीकडे आम्ही, चंद्रपूर जिल्ह्यात. पलीकडे गडचिरोली, आलापल्ली तिकडचीच, आणि तिथं दारूबंदी. माझ्या होणाऱ्या विहीणबाई पहिल्याच बैठकीत कप खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, ते तुमचं जे काही हाय ना, ते आमच्या लोकाईले सांगाचं नाई. सरबताचा कारखाना म्हना."

"ते म्हंजे काय?" मी विचारलं.

त्यांनी तो शब्द काही उच्चारला नाही. माझा मोठा भाऊ मध्ये पडला. "काऊन वाद घालून राह्यली? सरबत म्हटल्यानं तुह्या जिभेले फोड येतीन का?"

"येतीन," मी म्हणाले.

मुलगी मान खाली घालून बसली होती. मला विहिणीचा राग आला त्याहून जास्त तिच्या गप्प बसण्याचा आला. याच बाटल्यांवर तिचं कॉलेज झालं. जांभळं निवडून तिची बोटं जांभळी व्हायची, तशीच ती वर्गात जाऊन बसायची. आता तिलाच माझी लाज वाटत असेल, तर मी भांडायचं तरी कोणासाठी? लग्नापर्यंत मला घास गोड लागला नाही.

मांडवात भाऊ भेटेल त्याला सरबत सांगत फिरत होता. वराकडच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी तर नातवंडांसाठी दोन बाटल्या पाठवायला सांगितल्या. भाऊ हो म्हणाला!

रुखवत मुलीनं स्वतः मांडलं होतं, मला जवळ फिरकूही दिलं नव्हतं. पडदा सरकवला तेव्हा दिसलं. शेवया, कुरडया, लाडवांची रास, विणलेली तोरणं, आणि मधोमध झेंडूच्या फुलांत माझी बाटली. शेजारी पुठ्ठ्यावर तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: आईनं बनवलेली जांभळाची दारू.

भाऊ घाम पुसायला लागला. विहीणबाई पुढे आल्या. "हे आमच्या घरी येनार नाई! तिकडं बंदी हाय, पोलीस मागं लागतीन."

"नाई आनत, आई," मुलगी सासूला म्हणाली. "कायदा मले मालूम हाय. बाकीचं रुखवत येईन, बाटली माहेरीच राहीन. पन आज सगळ्याईनं पाहून घ्या. माह्या आईच्या हातचं हाय."

मी सगळ्यांसमोर रडले, आणि डोळे पुसायची घाई केली नाही. भावानं पुठ्ठा उलटा करायला हात पुढे केला, तो मी धरला. पाठवणी होईपर्यंत बाटली तिथंच उभी होती. मग ती मी घरी आणून भिंतीतल्या देवळीत ठेवली.

काही दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला. सूर तक्रारीचा.

"बाई, तुमची पोरगी आमच्या गल्लीत सगळ्याईले सांगून राह्यली, माही आई काय बनवते म्हनून."

"काय बनवते म्हनते?"

"तेच. ते तुमचं."

"आवाज तुटून राह्यला, बाई," मी म्हणाले. आवाज खणखणीत येत होता. "काय बनवते?"

"दारू!" त्या ओरडल्या. "दारू बनवते म्हनते!"

गल्लीत कोणाला ठाऊक नसेल, तर त्यालाही आता कळलं असेल.

"बराबर सांगते," मी म्हणाले.