शरणम्माच्या भेंडाची मूठ

गुऱ्हाळाच्या चरकानं दगडोबाच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली आणि उरलेली आखडून ठेवली. ही निजामाच्या राज्याच्या अखेरच्या दिवसांतली गोष्ट. बिलोलीच्या दवाखान्यातून तो गावी आला, तेव्हा जीव वाचला म्हणून घरच्यांनी देवाला नारळ फोडला. नांगर डाव्या हातानं धरायला तो हळूहळू शिकला. पण मांजरेच्या डोहावर गळ टाकून बसायचं सुख गेलं, ते काही मनातून जाईना.

डाव्या हातानं दोरी सांभाळायची, म्हणजे काठी उजव्यातच हवी. अर्ध्याच मिटणाऱ्या त्या पंजात नुसती कळकाची, म्हणजे बांबूची, काठी ठरेना. मासा लागला की काठी गरकन फिरे. बायकोनं, तुळजाबाईनं, सुतळी गुंडाळून दिली. मूठ जाड झाली खरी, पण भिजलेली सुतळी कोवळ्या कातडीला किसणीसारखी लागे. जोडे शिवणाऱ्याकडून कातडं चढवून आणलं. पाणी लागताच ते बुळबुळीत झालं. बाभळीची मूठ बसवली, तर ती इतकी जड की मासा टोचतोय हेच हाताला कळेना.

शेवटी तो काठी घेऊन शरणम्माच्या ओट्यावर टेकला. ही उदगीरकडची विधवा बाई बहिणीच्या आधारानं गावात राही आणि भेंडाची बाशिंगं करी. भेंड म्हणजे तळ्यातल्या झाडाचा पांढरा, फुलासारखा हलका गाभा.

"तम्मा, हात दाव," धाकट्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली. त्याची आखडलेली बोटं तिनं उलटीसुलटी करून पाहिली, घरातून ज्वारीच्या पिठाचा गोळा आणला आणि त्याच्या मुठीत दाबला. "तुझी मूठ मिटत न्हाई. मग काठीलाच जाड व्हाया पायजे."

त्या गोळ्याच्या मापानं तिनं भेंडाच्या चकत्या कापल्या, मधे भोकं पाडून कळकावर ओवल्या आणि लाखेनं जोडल्या. नुसतं भेंड दाबानं खचतं, म्हणून वरून अंबाडीची बारीक दोरी घट्ट लपेटून राळ चोळली. दगडोबानं काठी उचलली. ती हातात बसली, आणि तो तसाच डोहाकडं निघाला.

चार दिवसांनी हातभर मरळ घेऊन तो धावतच तिच्या दारात आला. तिच्या गळ्यातलं लिंग दिसलं, लिंगायत बाई मासे खात नाही हे आठवलं आणि तो जागीच थबकला.

"चुकलं, अक्का. आनंदात भानच राहिलं न्हाई."

"अय्यो! न्हे घरी, लेकरास्नी खाऊ घाल," ती पोट धरून हसली.

"मग तुमास्नी काय देऊ?"

"तू पाण्यात उभा राहतोसच, तर तळ्यातलं भेंड आणत जा. माझे गुडघे आता चिखलात उतरत न्हाईत."

तेव्हापासून दर हिवाळ्यात भेंडाचा भारा तिच्या ओट्यावर येऊन पडू लागला.

पुढं तिच्याकडून तो मूठ बांधायला शिकला, आणि लोक आपापल्या काठ्या घेऊन दगडोबाकडं येऊ लागले. तो काठी बाजूला ठेवून आधी हात बघे. अण्णारावाच्या तळव्यांना घाम सुटायचा, त्याला त्यानं सुतळीच दिली. म्हाताऱ्या मार्तंडाचा हात कापायचा, त्याला जाड भेंड. कुणी वाखाणलं की म्हणे, "अक्काचं नाव घ्या. म्या तर नुसते मासे धरले."